कांद्याला थंडी मोजता येते!

मुलांनो, वसंतातलं फूल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? इंग्रजीच्या पुस्तकातलं पिवळंधमक डॅफोडिल? की हिंदी सिनेमातल्या गाण्यात नायक-नायिका ज्या रांगांमधून पळतात, ती लाल-पिवळी ट्यूलिपची फुलं? पणदऱ्यातल्या एखाद्या मुलाला विचारलंत तर तो हसून म्हणेल, "ती थंड देशातली फुलं. आमच्याकडं कुठली आलीत!"

पणदरे म्हणजे बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. पुणे जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेचा. पाऊस कमी आणि चैत्र-वैशाखात ऊन असं की अनवाणी पायांना अंगणात ठरू देत नाही. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला, म्हणून या पट्ट्यात ऊस दिसतो. तिथे ट्यूलिप कुठून दिसणार? पण जानेवारी-फेब्रुवारीत याच भागात एखाद्या उसाच्या फडाशेजारी तुम्हाला एक वेगळंच शेत दिसेल. कमरेएवढे हिरवे पोकळ दांडे आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा एक गोल गोंडा. हजारो गोंडे वाऱ्यावर एकदम डुलत असतात. लांबून पाहिलं तर कुणी पांढरे चेंडू काठ्यांवर खोचून ठेवलेत असं वाटावं.

हा आहे कांदा. बियाण्यासाठी लावलेला कांदा. तुम्ही म्हणाल, कांद्याचं आणि डॅफोडिलचं काय नातं? अहो, सख्खं नसलं तरी अगदी जवळचं! डॅफोडिल, बर्फातून डोकं वर काढणारं स्नोड्रॉप आणि आपला कांदा ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात एकाच कुळातली मंडळी. ट्यूलिप मात्र शेजारच्या कुळातलं, लिलीच्या. (नात्यावर भुलून कुणी डॅफोडिलचा कंद भाजीत घालू नका बरं! तो दिसतो कांद्यासारखा, पण विषारी असतो. परदेशात लोक अशी चूक करून आजारी पडले आहेत.)

आणि या सगळ्यांची एक समान खोड आहे. थंडी पोटभर मिळाल्याशिवाय ती नीट फुलत नाहीत.

मावशीची बाग

समजा, तुमची मावशी कॅनडात टोरांटोला राहते. घरामागे तिची छोटीशी बाग आहे. ती ट्यूलिपचे कंद कधी लावेल? आपल्याला वाटेल की फुलं वसंतात हवीत तर थंडी सरल्यावर लावेल. पण नाही. ती लावते ऑक्टोबरमध्ये, झाडांची पानं गळत असताना. वीतभर खोल खड्डा करायचा, कंदाचं टोक वर ठेवायचं, माती लोटायची आणि विसरून जायचं. मग बर्फ पडतो. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. वरून पाहणाऱ्याला वाटतं, जमिनीत काही नाही.

पण तुम्ही जर ऑक्टोबरमध्येच ट्यूलिपचा एक कंद उभा चिरलात, तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतील आणि अगदी मधोमध, तांदळाच्या दाण्याहून जरासं मोठं, एक फूल! पाकळ्या, पुंकेसर, सगळं तयार. मग ते बाहेर का येत नाही? कारण त्याचा दांडा लांब व्हायला आधी थंडी लागते. दोन ते नऊ अंश सेल्सिअसच्या आसपास, तीही एक-दोन दिवस नव्हे, बारा ते सोळा आठवडे. एवढी थंडी मिळाली नाही तर दांडा खुजाच राहतो, कळी पानांच्या बेचक्यात अडकते किंवा आतल्या आत सुकून जाते.

मार्चमध्ये बर्फ वितळू लागला की पहिलं स्नोड्रॉप, मागोमाग क्रोकस. एप्रिलमध्ये डॅफोडिल. ट्यूलिपचा भर मे महिन्यात. एवढी घाई कशासाठी? वर मेपलसारख्या मोठ्या झाडांना अजून पानं फुटलेली नसतात. जमिनीपर्यंत ऊन येतं. झाडांची छत्री उघडायच्या आत या चिमुकल्यांना फुलायचं असतं, पानांत अन्न तयार करून ते कंदात साठवायचं असतं, आणि मग पुन्हा जमिनीखाली झोपायचं असतं. म्हणून तिकडचे जाणते लोक फुलं गेल्यावर ट्यूलिपची पानं कापत नाहीत. ती पिवळी पडून आपोआप वाळेपर्यंत थांबतात. पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांच्या कमाईवर येणार असतं ना!

कॅनडा आणि ट्यूलिप यांची एक खरी गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने हॉलंड जिंकलं तेव्हा तिथली राजकन्या जुलियाना मुलींना घेऊन कॅनडाची राजधानी ओटावा इथे आश्रयाला आली. १९ जानेवारी १९४३ रोजी ओटावाच्या रुग्णालयात तिला मुलगी झाली, तिचं नाव मार्ग्रीट. बाळ जन्माने परकी नागरिक ठरू नये म्हणून कॅनडा सरकारने जन्माच्या वेळेपुरत्या रुग्णालयातल्या त्या खोल्या कॅनडाच्या हद्दीबाहेरच्या आहेत असं जाहीर केलं! युद्ध संपल्यावर, १९४५ मध्ये, हॉलंडने आभार म्हणून ओटावाला एक लाख ट्यूलिपचे कंद पाठवले. पुढेही दरवर्षी कंद येत राहिले. मे महिन्यात ओटावात ट्यूलिपचा मोठा उत्सव भरतो, त्याचं मूळ हे.

पण त्याआधीच्या, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये काय झालं होतं माहीत आहे? अन्नाचा पुरवठा तुटला, शहरांत उपासमार सुरू झाली आणि लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. हजारो माणसं त्या हिवाळ्यात भुकेने मेली. ज्या कंदांनी आभार मानले, त्याच जातीच्या कंदांवर त्या देशाने वर्षभरापूर्वी जीव जगवला होता.

कुलूप आणि किल्ली

आता मुख्य प्रश्न. झाडाला कॅलेंडर वाचता येत नाही. मग थंडीचे आठवडे ते मोजतं कसं? आणि मुळात मोजायचं कशाला?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बघू. थंड देशात कधीकधी डिसेंबरमध्येच चार दिवस छान ऊन पडतं. झाड तेवढ्यावर भुललं आणि फुललं, तर आठवड्याने येणाऱ्या बर्फात फूलही जाईल आणि बीही. म्हणून नुसती ऊब आली की फुलायचं, हा नियम धोक्याचा. आधी भरपूर थंडी होऊन गेली आहे आणि मग ऊब आली आहे, हा नियम शहाणपणाचा.

१९१८ साली गासनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने राय नावाच्या धान्यावर प्रयोग करून दाखवलं की हिवाळी राय वसंतात पेरली तर नुसती पानं वाढतात, ओंब्या धरत नाहीत. पण अंकुरलेलं बी काही आठवडे थंडीत ठेवून मग पेरलं तर ओंब्या येतात. पुढे या क्रियेला लॅटिनमधल्या वसंताच्या शब्दावरून इंग्रजी नाव पडलं. मराठीत आपण तिला वासंतीकरण म्हणू या. रशियात लिसेंको नावाच्या माणसाने याच गोष्टीचा फार गाजावाजा केला. थंडी दिलेल्या झाडाचा गुण पुढच्या पिढीतही उतरतो, असंही तो सांगू लागला. ते साफ खोटं होतं. पण सत्ता त्याच्या बाजूने होती, आणि त्याच्या विरोधात गेलेला थोर बियाणेशास्त्रज्ञ वाविलोव १९४३ मध्ये तुरुंगात मेला. शास्त्रातला वाद शास्त्रात मिटवायचा सोडून दुसरीकडे नेला की काय होतं, ते यावरून कळतं.

मोजणीचं कोडं मात्र बऱ्याच वर्षांनी उलगडलं. मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपट्यावर, अरेबिडॉप्सिसवर, ब्रिटनमधल्या जॉन इनिस सेंटरमध्ये कॅरोलिन डीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्या रोपट्यात एक जीन असतो, तो फुलण्याला अडवून धरतो. दाराला कुलूप असावं तसा. थंडीत हा जीन बंद होत जातो, पण एकदम नाही. आज थोड्या पेशींत, उद्या आणखी थोड्या पेशींत. जितकी थंडी लांबते तितक्या जास्त पेशींत कुलूप उघडतं. आणि एकदा उघडलं की ऊब आली तरी ते उघडंच राहतं. पेशी वाढतात, दुभंगतात, तरी त्यांना ‘थंडी होऊन गेली’ हे आठवतं! बिया तयार होताना मात्र कुलूप पुन्हा लागतं, म्हणजे पुढच्या पिढीने आपली थंडी आपण मोजायची.

प्रत्येक झाडाचं कुलूप असंच असतं असं नाही. गव्हाचं वेगळं, कांद्याचं वेगळं. शिवाय आपण नोव्हेंबरमध्ये पेरतो त्या गव्हाला असली थंडी लागतच नाही. नाहीतर आपल्याकडे पोळ्या कुठल्या!

तोच दांडा, कुणाला हवा, कुणाला नको

आता परत पणदऱ्याच्या शेतात या. कांदा हे खरं तर दोन हंगामांचं झाड. पहिल्या हंगामात बी पेरायचं, रोपं लावायची, त्यांचा कांदा पोसतो. आपण तो तिथेच उपटून खातो, म्हणून बहुतेकांना कांद्याचं फूल ठाऊकच नसतं. ज्याला बी हवंय तो शेतकरी चांगले, एकसारखे, निरोगी कांदे निवडून ठेवतो. यांना गोट म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे गोट पुन्हा जमिनीत लावतात. पुष्कळ जण वरचा एक तृतीयांश भाग कापून लावतात, म्हणजे कोंब लवकर आणि जास्त फुटतात. मग येते डिसेंबर-जानेवारीची थंडी. इथे बर्फ नाही पडत, पण पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. आपल्याकडच्या कांद्यांना तेवढी काही आठवड्यांची थंडी पुरते. ट्यूलिपला ज्या थंडीत अजून काहीच मिळाल्यासारखं वाटत नाही, त्यात आपला कांदा तृप्त होतो. ट्यूलिपला थंडी हवी ती तयार फुलाला बाहेर ढकलायला. कांद्याच्या पोटात तर आधी फूलच नसतं, थंडी मिळाली की मग ते तयार व्हायला लागतं.

गोंड्यातली शेकडो फुलं एकदम उमलत नाहीत, दोन-तीन आठवडे थोडी थोडी उमलत राहतात. प्रत्येक फुलात पराग आधी तयार होतो आणि बीजधारणेची जागा नंतर. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्याकडे नेणारं कुणीतरी लागतं, म्हणजे मधमाशी. पण कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं, तो मधमाश्यांना फारसा आवडत नाही. जवळ दुसरं काही फुललं असेल तर त्या तिकडे जातात. म्हणून पुष्कळ शेतकरी या दिवसांत शेतात मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवतात आणि फुलोऱ्यात कीडनाशक मारायचं टाळतात. ज्याने मारलं त्याचे गोंडे दिसायला भरगच्च, पण आत दाणा कमी.

याच फुलाच्या दांड्याला शेतकरी डेंगळा म्हणतात. गंमत बघा, बियाण्याच्या शेतात डेंगळे आले की घरात आनंद, आणि शेजारच्याच खाण्याच्या कांद्याच्या शेतात डेंगळे आले की घरात चिंता. कारण डेंगळा आलेल्या कांद्याच्या मधोमध टणक दांडा राहतो. तो कांदा साठवणीत टिकत नाही आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. हे होतं कसं? रोप अगदी लहान असताना थंडी आली तर ते तिच्याकडे लक्षच देत नाही. पण रोप लवकर लावलेलं असेल आणि थंडी येईपर्यंत त्याची मान पेन्सिलीएवढी जाड झाली असेल, तर ते स्वतःला मोठं समजतं, थंडी मोजतं आणि पहिल्याच हंगामात फुलून बसतं. पावसाळ्याच्या शेवटी लावलेल्या रांगड्या कांद्यात हे जास्त होतं. म्हणून कांद्याची लागण कधी करायची, हा शेतकऱ्याच्या घरात नुसता तारखेचा प्रश्न नसतो. पंधरा दिवस इकडेतिकडे झाले तर सहा महिन्यांची मेहनत जाऊ शकते.

आणि उलट, थंडी पडलीच नाही तर? मग बियाण्याच्या शेतात गोंडे कमी. कांद्याचं बी साध्या घरगुती साठवणीत वर्षभरच चांगलं उगवतं, त्यामुळे गेल्या वर्षीच्या बियांवर भागवता येत नाही. दर हिवाळ्याला नवं बी लागतं. तुमच्या घरातल्या पोह्यांत पडणारा कांदा असा दोन वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी शेतातल्या थंड पहाटेवर अवलंबून असतो.

जपानमध्ये क्योटो शहरात चेरीची झाडं कधी बहरली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या सापडतात, राजदरबारातल्या लोकांच्या रोजनिशींमधून. २०२१ मध्ये तिथे पूर्ण बहर २६ मार्चला आला. तोपर्यंतच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत एवढ्या लवकर तो कधी आला नव्हता. जग तापतंय, हे आकड्यांआधी फुलांनी सांगितलं आहे.

थंडी नाही तर तहान

मग ज्या झाडांना थंडी मोजता येत नाही ती काय करतात? आपल्या भागात ती कोरड मोजतात. पळस, पांगारा, काटेसावर यांची पानं हिवाळ्याच्या अखेरीस गळतात आणि उघड्या फांद्यांवर लालभडक फुलं येतात. वाऱ्याला, पक्ष्यांना अडवायला पानं नसतात. मैना, शिंजीर फुलांवर तुटून पडतात. कडुनिंब तेवढा गुढीपाडव्याच्या सुमाराला हिरवाही असतो आणि बारीक पांढऱ्या मोहोराने घमघमतोही.

डाळिंबवाले तर ही कोरड मुद्दाम आणतात. बारामती-इंदापूर भागात डाळिंबाच्या पुष्कळ बागा आहेत. डाळिंबाला पाणी मिळत राहिलं तर ते वर्षभर थोडं थोडं फुलतं, आणि अशा फळांचा धंदा होत नाही. म्हणून बागायतदार महिना-दोन महिने पाणी तोडतात. याला म्हणतात ताण देणं. पानं पिवळी पडतात, गळतात, नवख्या माणसाला वाटावं की बाग मेली. मग हलकी छाटणी, खत आणि पाणी. पाठोपाठ सगळी बाग एकदम शेंदरी कळ्यांनी भरून जाते. आंब्याला मोहोर येतो त्या सुमाराचा तो आंबे बहार, मृग नक्षत्रातला मृग बहार आणि हस्तातला हस्त बहार. कॅनडात निसर्ग बर्फ घालून झाडाला विश्रांती देतो. इथे शेतकरी नळ बंद करून देतो. ताण किती द्यायचा हे मात्र कळायला हवं. जमीन हलकी असेल तर दिवस कमी, भारी असेल तर जास्त, आणि मध्येच अवकाळी पाऊस आला की सगळं गणित पुन्हा मांडा. झाडांवरच्या अशाच ताणांचा, दुष्काळाचा, उष्णतेचा, खारवट जमिनीचा अभ्यास करणारी एक राष्ट्रीय संस्था २००९ पासून याच बारामती तालुक्यात, माळेगाव खुर्दला आहे.

कुणी हट्टाने विचारेलच, "पण मला ट्यूलिपच हवं!" हवं तर श्रीनगरला जा. दल सरोवराकाठी, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या बागेत मार्चअखेर ते एप्रिल लाखो ट्यूलिप फुलतात. घरी लावायचं असेल तर कंद कागदी पिशवीत घालून तीन-साडेतीन महिने फ्रिजमध्ये ठेवावे लागतील, फ्रीझरमध्ये नव्हे. शेजारी सफरचंद किंवा पिकलेली फळं ठेवायची नाहीत, कारण त्यांच्यातून निघणारा वायू आतली कळी मारून टाकतो. डिसेंबरमध्ये लावलं तर जानेवारी-फेब्रुवारीत एखादं फूल मिळेलही. पण पुढच्या वर्षी त्याच कंदाला फूल येईल ही आशा नको. उन्हाळा आला की पानं वाळतात, कंद उपाशीच राहतो. खर्च आणि खटाटोप पाहता मला तरी यात शहाणपण दिसत नाही.

करून पाहा

त्यापेक्षा हे करा, खर्च जवळजवळ शून्य. ऑक्टोबरच्या अखेरीस आईकडून कोंब फुटलेले सहा कांदे मागून घ्या. तीन कांदे लगेच एका मोठ्या कुंडीत किंवा अंगणातल्या वाफ्यात लावा. मान मातीबाहेर ठेवा, ऊन आणि रात्रीची थंडी दोन्ही लागू द्या, पाणी बेताचं घाला. उरलेले तीन घरात उबदार, कोरड्या जागी ठेवा आणि फेब्रुवारीच्या अखेरीस लावा. पहिल्या तिघांना बहुधा डेंगळे येतील, दुसऱ्यांना बहुतेक नुसती पात. (पात वाया जात नाही, झुणक्यात छान लागते.)

एक वही करा. लावल्याची तारीख लिहा. रोज पहाटेचं तापमान वर्तमानपत्रात पाहून लिहा. डेंगळा पहिल्यांदा दिसला तो दिवस, गोंड्याचा पापुद्रा फाटला तो दिवस, पहिली मधमाशी बसली तो दिवस. मधमाशीच आली नाही, तर एका गोंड्यावरून मऊ कुंचला फिरवून तो दुसऱ्यावर फिरवा. मार्च-एप्रिलमध्ये गोंड्यातली बोंडं उकलून आतलं काळं बी दिसू लागलं की गोंडा कापा, सावलीत वाळवा आणि चोळा. बी कागदाच्या पुडीत बांधा आणि पुडीवर तारीख घाला. पुढच्या ऑक्टोबरमध्ये पेरा. त्याहून फार उशीर केलात तर उगवणार नाही.